यंत्राचा सातबारा

धुळे, रविवार

प्रिय भागवत,
सप्रेम नमस्कार.

कंपनीचं नाव ठरलं, बोर्डही रंगवला, बरं वाटलं. पण तुझ्या चार पानांत एक गोष्ट कुठेच सापडली नाही: केळीच्या धाग्याच्या या यंत्राचा सातबारा कुणाच्या नावावर? तू लिहितोस, "पेटंट कॉलेजच्या आणि माझ्या नावावर टाकू, कंपनी तर माझीच." घोळ तिथंच आहे भो. पेटंट कायद्याचं कलम 50 बघ. वेगळा करार नसेल तर सहमालकाला शोध स्वतः वापरता येतो, दुसऱ्याला हिशेबही द्यावा लागत नाही. लायसन्स द्यायचं किंवा हिस्सा विकायचा, तर मात्र दुसऱ्या मालकाची संमती लागते. आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणजे तू नव्हेस, कायद्याच्या लेखी ती तिसरी व्यक्ती. उद्या प्राचार्य बदलले, फाइल अडकली, की रावेरात यंत्र विकणारी तुझीच कंपनी विनापरवाना ठरायची. कॉलेजशी लेखी लायसन्स करार झाल्याशिवाय एकही यंत्र बाहेर काढू नकोस.

आणि पेटंटचा अर्ज टाकेपर्यंत तोंड बंद, आधी दाखवलं की शोधाचा नवेपणा जातो. कृषी प्रदर्शनात यंत्र चालवून दाखवायचं नि तुझ्या विद्यार्थ्यानं, त्या पोरानं, 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पोस्टर लावायचं, हे दोन्ही अर्जाच्या पावतीनंतर. कलम 31 मध्ये आधी दाखवलेल्याला 12 महिन्यांची सूट आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला. गावोगावच्या मंडपांना ती लागू होईल, या भरवशावर राहू नकोस.

घाई असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाक. ऑनलाइन फी 1,600 रुपये. शैक्षणिक संस्थेला आणि स्टार्टअपला हीच सवलतीची फी, त्यासाठी फॉर्म 28 जोड. कम्प्लिट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, 12 महिन्यांत गेलंच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. प्रोव्हिजनल म्हणजे दीड पानाची जागा अडवणूक, असं समजून लोक फसतात. जे त्यात लिहिलेलं नाही, त्याला त्या पहिल्या अर्जाची तारीख मिळत नाही.

तुझा कच्चा दावा, म्हणजे शोधात नेमकं काय तुमचं ते सांगणारं वाक्य, वाचला: "केळीच्या खोडापासून धागा काढण्याचे यंत्र, ज्यात ड्रम व पाती आहेत." हा पहिल्याच तपासणीत पडेल. फिरता ड्रम, बोथट पाती, मागे पट्टी, मधल्या फटीत सोपट, म्हणजे खोडाचा एकेक थर, सरकवायचं, हे सगळं जुनंच आहे. तुमचं नवं काय? बाहेरचं सोपट जाड, आतलं पातळ. फट ठरलेली असली की जाड सोपटाचा धागा तुटतो आणि पातळाला गर चिकटून राहतो. तुम्ही मागची पट्टी स्प्रिंगवर बसवली, म्हणून जाडीप्रमाणे फट आपोआप बदलते. दावा त्या स्प्रिंगवर नि पट्टीच्या बिजागरीवर बांध. फटीची मापं मिलिमीटरमध्ये पुढच्या उपदाव्यांत घाल. आणि स्प्रिंगमुळे काय सुधारलं, हे जुनी घट्ट आणि नवी स्प्रिंगची अशा दोन्ही पट्ट्या लावून, तीच खोडं घेऊन मोजून ठेव. नाहीतर परीक्षक म्हणणार, माहीत असलेले भाग नुसते शेजारी ठेवलेत, आणि कलम 3(एफ) दाखवणार. शेतीच्या पद्धतीला 3(एच) आडवं येतं, म्हणून दावा यंत्राचाच ठेव.

शोधकांच्या यादीत विभागप्रमुखांचं नाव मान म्हणून घालू नकोस. भरीत पार्टीत पाहुण्याला पहिलं ताट देतो, तसलं हे काम नव्हे. वेल्डरनं तुमच्या आकृतीबरहुकूम जोडलं असेल तर तो शोधक नाही. स्प्रिंगची कल्पना त्याची असेल तर आहे. विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो, त्याची असाइनमेंट, म्हणजे शोधाचा हक्क लिहून दिल्याचा कागद, वेगळी घ्यायची. अर्ज करण्याच्या हक्काचा पुरावा अर्जापासून 6 महिन्यांत द्यावा लागतो.

असाइनमेंटच्या कागदातलं क्रियापद नीट बघ. स्टॅनफर्ड विरुद्ध रोश हा खटला 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. संशोधकानं स्टॅनफर्डला लिहून दिलं होतं "हस्तांतर करण्यास मान्य आहे" आणि पुढे दुसऱ्या कंपनीला "याद्वारे हस्तांतर करतो". पहिला कागद वायदा ठरला, दुसरा व्यवहार. विद्यापीठ हरलं. आपल्याकडचा कायदा वेगळा, पण शब्द तोच घाल: "करतो".

रॉयल्टीचं म्हणशील, तर शिक्षण मंत्रालयाच्या 2019 च्या स्टार्टअप धोरणात शोधकाच्याच कंपनीसाठी विक्रीकिमतीच्या 4 टक्क्यांची कमाल आहे, शक्यतो 1 ते 2. समज 60,000 चं यंत्र, 2 टक्के म्हणजे 1,200 रुपये. भांडण पुढे होतं: जीएसटी धरून की सोडून? सुटी पाती विकली तर? भाड्यानं दिलं तर? तिन्ही करारात लिही. पेटंटच्या नूतनीकरणाची फी कोण भरणार, तेही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. कॉलेजच्या मूल्यांकनात "प्रकाशित पेटंट" मोजतात म्हणून कॉलेजं लगेच फॉर्म 9, म्हणजे अर्ज लवकर छापण्याची विनंती, टाकतात. प्रकाशित म्हणजे मंजूर नव्हे. आणि एकदा छापलं की तुमचीच सुधारणा तुमच्याच छापील अर्जासमोर जुनी ठरू शकते. अर्ज आपसूक छापला जाईपर्यंतचे 18 महिने गप्प बस. परीक्षणाचा फॉर्म 18 मात्र विसरू नकोस; 2024 पासून मुदत 48 वरून 31 महिन्यांवर आलीय.

आकृती पाठव, फट मोजलेली. पोराची सही परीक्षेआधी घे. निकाल लागला की तो पुण्याला पळेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुभाष