‘आठवडा १५’ म्हणजे नेमकी तारीख कोणती?

मा. संपादक,
स. न.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यासाठी मी संगणक प्रणाली लिहितो. त्यांचा युरोपातला ग्राहक मालाची मुदत तारखेने कळवत नाही, ‘२०२५, आठवडा १५, दिवस ५’ असे कळवतो. गेल्या वर्षी पायथन या संगणकभाषेतल्या आमच्या प्रोग्रामने त्यावरून तारीख काढली १८ एप्रिल. माल पाठवणाऱ्या ताई बघताक्षणी म्हणाल्या, “त्या दिवशी गुड फ्रायडे. कारखाना बंद, मग माल कसा मागतील?” फोन केल्यावर कळले, माल ११ तारखेला हवा होता. सुट्टीचा दिवस आडवा आला नसता तर माल आठवडाभर उशिरा गेला असता.

ग्राहक आयएसओ ८६०१ हे तारखा लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक पाळतो. त्यात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. मी मात्र आठवड्याचा आकडा वाचण्यासाठी पायथनमधली मोठ्या डब्ल्यूची खूण (%W) वापरली होती. ती पहिल्या सोमवारपासून मोजते, त्याआधीचे दिवस शून्याव्या आठवड्यात टाकते. मोठ्या यूची खूण तर रविवारपासून मोजते! २०२१ ते २०२४ ही चारही वर्षे, सुरुवातीचे आणि शेवटचे मोजके दिवस सोडले तर, डब्ल्यू आणि आयएसओ जुळत होते, त्यामुळे आमच्या सगळ्या चाचण्या पास. २०२५ बुधवारी सुरू झाले आणि वर्षभर एका आठवड्याचा फरक पडला. २०२६ मध्येही तो आहे, २०२७ मध्ये नसेल. अशी चूक शोधायची कशी?

वारांचे आकडेही निराळे. शुक्रवार आयएसओत ५, पायथनच्या वार सांगणाऱ्या ‘वीकडे’ या आज्ञेत ४. आपल्याकडच्या जुन्या पोर्तुगीज कागदांत तोच ‘सेश्ता-फैरा’, म्हणजे सहावा.

मला सर्वांत खटकते ते गप्प राहणे. डब्ल्यूसोबत वार दिला नाही तर पायथन आठवडा सोडून देतो आणि बिनतक्रार १ जानेवारी हाती ठेवतो. याउलट आयएसओ आठवड्यासाठीच्या मोठ्या व्हीच्या खुणेला साध्या वर्षाची खूण जोडली तर पायथन लगेच चूक दाखवतो. तसेच हवे. आयएसओ वर्षासाठी मोठा जी, आठवड्यासाठी मोठा व्ही आणि वारासाठी छोटा यू या खुणा पायथनच्या ३.६ आवृत्तीपासून उपलब्ध आहेत.

गोव्यातल्या संगणक शिक्षकांनी तारखांचा हा भाग २०२४ आणि २०२५ ची कॅलेंडरे शेजारी ठेवून शिकवावा. आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांनी ग्राहकाकडून आठवड्याच्या आकड्याशेजारी पूर्ण तारीख लिहून मागावी. आम्ही आता तशीच मागतो.

— एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, फोंडा