अंडं वाळायच्या आत

आजी,

तुमच्या आयर्लंडमध्ये लहानथोर सगळे तुम्हाला नावानेच हाक मारतात, माझ्या तोंडून ते निघत नाही. हे पत्र लेक तुम्हाला इंग्रजीत समजावून सांगेल. आपल्या लोकांनाही तुम्ही कळाव्यात, म्हणून मराठीत.

2025 च्या जुलैत डब्लिनच्या टॅला भागात एका भारतीय माणसावर खोटा आळ घेऊन त्याला रक्तबंबाळ केलं. 1 ऑगस्टला आपल्या दूतावासाने 'जपून राहा' अशी सूचना काढली, फिनिक्स पार्कातला इंडिया डे, म्हणजे इथल्या भारतीयांचा सोहळा, पुढे ढकलला गेला. आमच्या खिडकीवर अंडी फुटली ती त्याच दिवसांत. 'परत जा' म्हणून आरडाओरडाही झाला. मी रात्रपाळीहून आले होते, इथल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डायपर बदलून.

पोलिसांनी लिहून घेतलं. घराचा एजंट म्हणाला, कॅमेरा बसवा, खर्च तुमचा. आणि आपली माणसं! टिकली लावू नका, रस्त्यात मराठी बोलू नका. एका गृहस्थांनी तर विचारलं, "तुमच्याकडून काही झालं होतं का?"

मी पडदे ओढून आत बसले होते. तुम्ही बादली घेऊन आलात. "अंडं वाळलं की काचेवरून निघत नाही," एवढंच म्हणालात. ऐंशीच्या घरातलं वय, गुडघे धड नाहीत, तरी सगळी गल्ली बघत असताना काच घासत राहिलात. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून काय घडलं ते सांगत होतात. लाज मला वाटत होती, ती तुम्ही तिथल्या तिथे गल्लीच्या पदरात घातलीत.

नंतर चहा पिताना कळलं, तरुणपणी लंडनला कामाला गेलात तेव्हा आयरिश म्हणून तुम्हालाही खोली नाकारली होती. सोसलेली माणसं सगळीच अशी होत नाहीत हो. आमच्याकडेही आडनाव विचारून खोली नाकारतात, आणि तेच लोक परदेशात आले की भेदभावावर तावातावाने बोलतात. मालवणजवळच्या वराड गावातून आलेल्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, 2017 मध्ये तुमचा पंतप्रधान झाला. त्याचा आम्हाला केवढा अभिमान! पण त्या आठवड्यात मला धीर आला तो तुमच्या ओल्या फडक्याने.

दिवाळीच्या चकल्या तुम्हाला फार तिखट लागल्या, हे तुमच्या मुलाकडून कळलं. तोंडावर बोलला नाहीत. यंदा तिखट निम्मं घालते, आणि करंज्यांचा डबा वेगळा.

तुमची शेजारीण