कुत्रा दत्तक घेताना आधी संस्था पारखा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रा दत्तक घ्यायचे ठरले की घरात चर्चा रंगते ती नर की मादी, पिल्लू की मोठा, केसाळ की आखूड केसांचा याची. तो आणायचा कुठून, हा प्रश्न मात्र 'जिथे आवडेल तिथून' एवढ्यावर मिटतो. खरे तर निवाऱ्याचा प्रकार बदलला की कुत्र्याबद्दल हाती येणारी माहिती बदलते, रोगाचा धोका बदलतो आणि पुढे अडचण आली तर पाठीशी कोण उभे राहणार हेही बदलते. म्हणून संस्था आधी ठरवावी आणि कुत्रा नंतर.

पहिला प्रकार म्हणजे स्थानिक प्रशासनाचा किंवा त्याच्या वतीने चालणारा निवारा. दारात येईल त्या प्राण्याला घेणे हे त्याचे काम. हरवलेले, जखमी, म्हातारे, चावल्याची तक्रार असलेले, मालकाने सोडून दिलेले, सगळे तिथे येतात. त्यामुळे गर्दी फार, माणसे कमी आणि कुत्र्याचा पूर्वेतिहास बहुतेक वेळा कोराच. पण तिथून कुत्रा घेतला की एक जागा लगेच रिकामी होते आणि जिथे जागेअभावी दयामरण दिले जाते तिथे या रिकाम्या जागेवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. ज्यांनी आधी कुत्रे पाळले आहेत, ज्यांच्या घरात लहान मूल नाही आणि पहिले काही आठवडे ज्यांना वेळ देता येतो, त्यांनी आधी इथेच जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार खासगी संस्थेच्या निवाऱ्याचा. तिथे प्राणी किती आणि कोणते घ्यायचे हे संस्था ठरवते. 'आम्ही कोणाला मारत नाही' ही पाटी बहुधा इथेच दिसते. काही देशांत आलेल्या प्राण्यांपैकी किमान ९० टक्के जिवंत बाहेर पडले की संस्थेला हे बिरुद लावण्याची प्रथा आहे. मात्र हा आकडा आत कोणाला घेतले यावर ठरतो. निरोगी, तरुण कुत्रेच घेणाऱ्या संस्थेचा आकडा चांगला येणारच; नाकारलेले कुत्रे पहिल्या प्रकारच्या निवाऱ्यात जातात आणि तिथला आकडा खाली येतो. केवळ पाटीवरून एकाला दयाळू आणि दुसऱ्याला निर्दय ठरवणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा विचारावे, 'गेल्या वर्षी किती आले, किती दत्तक गेले, किती परत आले, किती इथेच मेले?' चांगल्या संस्थेकडे हे आकडे लिहून ठेवलेले असतात आणि ती ते आढेवेढे न घेता दाखवते. एकही कुत्रा दयामरणाने जात नाही, पण दत्तकही कोणी जात नाही आणि कुत्रे वर्षानुवर्षे पिंजऱ्यात आहेत, अशी जागा पाहिली तर पाटीच्या पलीकडे पाहण्याची गरज कळते.

तिसरा प्रकार फॉस्टर घरांवर, म्हणजे कुत्र्याला तात्पुरते सांभाळणाऱ्या घरांवर, चालणाऱ्या रेस्क्यू (बचाव) गटांचा. त्यांच्याकडे इमारत नसते, कुत्रे कार्यकर्त्यांच्या घरी राहतात. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांनी, लहान मुले, मांजर किंवा आधीचा कुत्रा असलेल्यांनी इथून सुरुवात करावी, कारण घरातले वागणे घरातच कळते. रात्री झोपतो का, एकटा ठेवल्यावर दार खरवडतो का, शी-शू कुठे करतो, पाहुणा आला की काय करतो, याची उत्तरे फॉस्टर देऊ शकतो. त्याला 'स्वभावाने कसा आहे?' असे विचारू नका, उत्तर 'खूप प्रेमळ' हेच येते. 'शेवटचा केव्हा गुरगुरला आणि कशावर?' असे विचारा. सलग किती तास एकटा राहिला आहे, तेही विचारा. या प्रकाराची उणी बाजू म्हणजे गट लहान असतो, निवड काटेकोर असते, घरभेट होते, वेळ लागतो. आणि गट एकाच माणसाच्या खांद्यावर चालत असेल तर तो माणूस थकला की मागची मदतही संपते.

एकाच जातीसाठी काम करणारे गट त्या जातीचे आजार नेमके ओळखतात: चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वास, मोठ्या कुत्र्यांचे खुबे. ती जात हवीच असेल तर ब्रीडरकडे जाण्याआधी इथे विचारावे. आजन्म आश्रय देणाऱ्या संस्थांतले बहुतेक कुत्रे घरात रुळणारे नसतात, तिथे दत्तकापेक्षा मदत द्यावी.

आता रोगाविषयी, कारण सर्वांत मोठे नुकसान इथे होते. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस, कधी १४ दिवसही जातात. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाला त्याहून जास्त काळ लागू शकतो. म्हणजे आज उड्या मारणारे पिल्लू आजारी नाही याची खात्री आजच्या तपासणीने होत नाही. एकत्र ठेवलेली पिल्ले, रोज येणारे नवे कुत्रे आणि अपुरी लस हे तिन्ही एका ठिकाणी जमले की रोग हमखास पसरतो. निवाऱ्यातल्या पिल्लांना ४ ते ६ आठवड्यांपासून दर २ ते ३ आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचे होईपर्यंत लस द्यावी लागते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती नेमकी केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते, म्हणून हे पुन्हा पुन्हा टोचणे. 'एक इंजेक्शन झाले आहे' या वाक्यावर विसंबून ८ आठवड्यांचे पिल्लू बागेत नेऊ नये.

निवाऱ्यात गेल्यावर साफसफाईची वेळ गाठावी. चांगल्या केनेलला (कुत्रा ठेवण्याच्या खोलीला) दोन कप्पे आणि मध्ये सरकते दार असते. कुत्र्याला एका बाजूला घेऊन दुसरी बाजू धुतात. कुत्रा आत असतानाच पाइपने पाणी मारले जात असेल तर विष्ठेचे शिंतोडे शेजाऱ्यापर्यंत उडतात आणि प्राणी भेदरतो तो वेगळाच. कामाचा क्रमही पाहावा: आधी पिल्ले, मग निरोगी मोठे कुत्रे, शेवटी आजारी. प्रत्येक विभागाची बादली आणि पोछा वेगळा हवा. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. घरगुती ब्लीच १ भागाला ३० भाग पाणी या प्रमाणात घेऊन १० मिनिटे ठेवल्यास तो मरतो, पण आधी विष्ठा काढून जागा धुतलेली असेल तरच. घाणीवर ओतलेल्या ब्लीचचा जोर तिथेच संपतो.

मग कुत्र्याच्या नोंदींचे कार्ड मागावे. पिंजऱ्यावर अडकवलेला फोटो आणि नाव म्हणजे कार्ड नव्हे. त्यावर आल्याची तारीख हवी आणि कुठून आला तेही: रस्त्यावरून, मालकाकडून की दुसऱ्या निवाऱ्यातून. लसीच्या बाटलीवरचे स्टिकर, तारीख आणि सही हवी. वजन निदान दोन तारखांचे हवे, कारण एकच वजन काही सांगत नाही. तीन आठवड्यांत १६ किलोचा कुत्रा १४ किलोवर आला असेल तर तो आजारी तरी आहे किंवा ताणाखाली तरी. जंतनाशक, नसबंदी, गोचिडतापाची आणि हार्टवर्मची (हृदयातल्या जंतांची) तपासणी यांच्या नोंदी पाहाव्यात. हार्टवर्मची लागण नेहमीच्या रक्तचाचणीत दिसायला सुमारे ६ महिने लागतात, म्हणून आज 'नाही' आले तरी सहा महिन्यांनी ती चाचणी पुन्हा करावी. वय अंदाजाने लिहिलेले असते. साधारण ७ महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात, तोवर दातांवरून वय बऱ्यापैकी कळते. पुढे दातांची झीज आणि पिवळेपणा पाहून केलेला अंदाज दोन-तीन वर्षांनीही चुकू शकतो. आणि 'मुलांसोबत कसा?' या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहिले असेल तर त्या संस्थेवर अधिक विश्वास ठेवावा. सगळ्याच कुत्र्यांच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलेले असेल, तर कोणालाच तपासलेले नाही.

पिंजऱ्यातले वागणे पाहून कुत्रा घेऊ नये आणि टाकूही नये. सतत भुंकण्याच्या गोंगाटात राहिलेला कुत्रा जाळीवर झेप घेतो आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत शांत होतो. उलट कोपऱ्यात निपचित बसलेला 'शांत स्वभावाचा' कुत्रा अनेकदा घाबरून गोठलेला असतो आणि त्याचा खरा स्वभाव घरी दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. जेवणाच्या भांड्यावर गुरगुरण्याची चाचणीही अशीच बेभरवशाची. निवाऱ्यात गुरगुरणारे बरेच कुत्रे घरी तसे करत नाहीत. म्हणून त्याला आवारातल्या शांत जागी नेऊन २० ते ३० मिनिटे भेटावे. पहिली काही मिनिटे हाक मारू नये, त्याला हुंगू द्यावे. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी, घरातल्या सर्वांसह पुन्हा भेटावे. आधीचा कुत्रा असेल तर दोघांना अनोळखी मोकळ्या जागेत, अंतर ठेवून समांतर चालवावे आणि पट्टे सैल ठेवावेत. ताणलेला पट्टा भांडणाला आमंत्रण देतो.

रेस्क्यूच्या नावाखाली विक्री करणाऱ्यांपासून सावध राहावे. मागणी असलेल्या जातीची, एकाच वयाची पिल्ले त्यांच्याकडे कायम 'वाचवलेली' असतात. आई कुठे आहे याचे उत्तर नसते. जागा दाखवत नाहीत, रस्त्यात कुठेतरी पिल्लू हातात देतात, पैसे आधी मागतात आणि घाई करतात. खरी संस्था शुल्क घेते, पण त्याचा हिशेब लस, नसबंदी आणि तपासणीच्या कागदांत दिसतो.

सही करण्याआधी कराराची तीन कलमे वाचावीत. कुत्रा नाही जमला तर केव्हाही, कोणत्याही कारणाने परत घेणार का? घरी नेल्यावर पहिल्या १४ दिवसांत निवाऱ्यातूनच आलेला आजार निघाला तर उपचार कोणाचे? आणि मालकी पूर्णपणे तुमच्या नावे होते की संस्थेकडे राहते? मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक आपल्यासमोर स्कॅन करून घ्यावा आणि नोंदणी स्वतःच्या नावावर करावी. जुन्या मालकाच्या नावावर राहिलेली चिप हरवलेला कुत्रा तुमच्याकडे परत आणत नाही. दोन आठवडे घरी ठेवून मग निर्णय घेण्याची सोय असेल तर ती जरूर घ्यावी.

घरी आणताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही घालावेत, दोन्हींना वेगळी दोरी लावावी. नवे कुत्रे पळतात ते बहुधा पहिल्या काही दिवसांत, गाडीचे किंवा घराचे दार उघडल्याच्या क्षणी. निवाऱ्यात मिळत होते तेच खाणे आधी द्यावे आणि ७ ते १० दिवसांत हळूहळू बदलावे. अचानक बदलले तर जुलाब होतात आणि मग ते खाण्यामुळे की पार्व्होमुळे हे कळत नाही. पिल्लू मलूल झाले, उलट्या झाल्या किंवा विष्ठेत रक्त दिसले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. एरवीही पहिली तपासणी दोन-तीन दिवसांत करून घ्यावी आणि लस पूर्ण न झालेल्या घरच्या कुत्र्यापासून नव्याला दोन आठवडे वेगळे ठेवावे.

आपल्या वृत्तपत्रात दत्तकासाठीची आवाहने छापून येतात, त्याबद्दल एक विनंती आहे. प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी संस्थेकडून लिहून घ्याव्यात: कुत्रा निवाऱ्यात आहे की फॉस्टर घरी, किती दिवसांपासून, लसीच्या तारखा, आणि संस्था त्याला परत घेते की नाही. ज्या संस्था ही माहिती देणार नाहीत त्यांचे आवाहन छापू नये.

आपला,
प्राणी दत्तक कामातील एक कार्यकर्ता