रविवारची भक्ती सोमवारच्या पगारात दिसू दे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार, आणि आमच्यात म्हणतात तसा सलाम.

नाताळात आपल्या पेपरात आमच्या लोकांचे फोटो आले, चर्चवरचा तारा, मेणबत्त्या घेतलेली पोरं, एका ठिकाणी ब्लँकेट वाटप. बघून बरं वाटलं, आपण दरवर्षी आठवणीनं जागा देता त्याबद्दल आभार. त्या निमित्तानं एक गोष्ट लिहितोय जी खूप दिवस मनात घोळतीय. ती मुख्यतः आमच्याच ख्रिस्ती बंधुभगिनींना सांगायची आहे, पण बाकीच्या कोल्हापूरकरांनी वाचली तरी त्यात परकं असं काही नाही.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंटला होतो, आता रिटायर आहे. पगारपत्रक, ठेकेदारांची बिलं, भंगाराच्या गाडीची काटा-पावती हे सगळं वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरनं गेलं. त्यामुळं माझं मत असं झालंय की माणसाची भक्ती किती खरी आहे हे चर्चमधल्या बाकावर कळत नाही, ते कळतं तो दुसऱ्याचे पैसे कधी देतो आणि माप कसं घालतो यावरनं. सेवा म्हणजे काहीतरी जादाचं, रविवारनंतर वेळ उरला तर करायचं, असं आपण धरून चाललोय. माझ्या मते पहिली सेवा ही की ज्याचं देणं आहे त्याचं त्याला वेळेवर आणि पूर्ण द्यायचं, दानधर्म त्याच्या नंतर.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. बायबलात लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं लोक येतात आणि सरळ विचारतात की मग आम्ही काय करावं. आता एवढा रानात राहणारा, टोळ आणि रानमध खाणारा संदेष्टा, वाटेल की तो सांगेल घरदार सोडा. तसं तो काहीच सांगत नाही. ज्याच्याकडं दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा, जकातदारांना सांगितलं ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, शिपायांना सांगितलं कुणाला धाकदपटशा करून पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधान माना. झालं. कुणाला नोकरी सोडायला लावली नाही, आहे त्या नाक्यावर, आहे त्या वर्दीत सरळ वागा एवढंच. नाताळाआधीच्या आगमनकाळात हा उतारा कुठं ना कुठं वाचला जातो, आपण डोकं हलवतो आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागतो.

मजुरीचं तर शास्त्रात फार स्पष्ट आहे. लेवीय १९ मध्ये म्हटलंय की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवाद नावाच्या बायबलातल्या पुस्तकात आणखी पुढं जाऊन सांगितलंय की सूर्य मावळायच्या आत दे कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलाय. हे ज्यानं लिहिलं त्याला मजुराचं घर माहीत होतं. ठेकेदाराचं बिल आठ दिवस पुढं ढकललं की ऑफिसात काही फरक पडत नाही हो, एक फाईल ह्या ट्रेतनं त्या ट्रेत जाते. पण तिकडं ओडिशा-बिहारकडनं आलेला पोरगा किराणावाल्याकडं उधारीची वही वाढवतो, गावाकडं पाठवायचे पैसे थांबतात, आणि इथल्या बाया असतील तर बचत गटाचा नाहीतर मायक्रोफायनान्सचा हप्ता चुकतो, मग तो हप्ता भरायला दुसरीकडनं जास्त व्याजानं घ्यायचं. एका सहीला उशीर झाला की एवढं सगळं होतं. त्यामुळं ज्यांच्या हातात सही आहे अशा ख्रिस्ती माणसानं ती सही वेळेवर करणं ही प्रार्थनेइतकीच मोठी गोष्ट आहे असं मी मानतो. याकोबाच्या पत्रात तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती देवाच्या कानापर्यंत जाते असं आहे, पाचव्या अध्यायात, काढून बघा.

बरं सगळ्यांच्याच हातात कारखान्याची सही नसते. पण धुण्याभांड्याला मावशी बऱ्याच घरात येतात. महिना संपला की कॅलेंडरवरचे खाडे मोजायचे आणि पैसे कापायचे ही आपली पद्धत. तिला ताप आला तरी खाडा, पोराची शाळेत मीटिंग तरी खाडा, आणि आपल्याला ऑफिसात सिक लीव्ह पाहिजे, सीएल पाहिजे, दुसरा-चौथा शनिवार पाहिजे. त्या घरातला माणूस रविवारी अर्पणाच्या थैलीत नोट टाकतो तेव्हा त्या नोटेत मावशींच्या खाड्याचे पैसे आहेत का एवढं त्यानं बघावं. आणि चहाचा वेगळा कप! अजून आहे साहेब, आपल्या शहरात, शिकलेल्या घरात, क्रूस लावलेल्या घरात सुद्धा आहे, दांडी मोडलेला एक कप खिडकीत उपडा ठेवलेला असतो. ज्या गावात शाहू महाराज तेव्हा अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले त्या गावात. महाराजांनी १९०२ ला पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या तो हुकूम मोठा होताच, पण त्या चहाला काही हुकूम लागला नाही, पैसा लागला नाही, आणि शंभर वर्षं झाली तरी कोल्हापूर तो चहा विसरलेलं नाही.

ब्लँकेट वाटपाला माझा विरोध नाही, थंडीत ब्लँकेट लागतंच. पण एका सकाळी ब्लँकेट वाटणं सोपं आहे आणि घरातल्या मावशींचा पगार दोनशेनं वाढवणं अवघड आहे, कारण ते दर महिन्याला द्यावं लागतं आणि त्याचा फोटो निघत नाही. येशूनं तर डोंगरावरच्या प्रवचनात सांगून ठेवलंय की उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नको.

आता मंडळीत हे बोललं की एक उत्तर ठरलेलं असतं, की भाऊ तारण, म्हणजे पापातनं सुटका, देवाच्या कृपेनं होतं, कर्मांनी नाही. एकदम बरोबर, इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवी-नववी ओवी. पण तिथंच थांबू नका ना, दहावी वाचा, आपण सत्कृत्यं करण्यासाठीच ख्रिस्तात निर्माण झालोय असं पौल लगेच म्हणतो. म्हणजे चांगलं वागून देवाकडनं काही विकत घ्यायचं नाही, ते फुकट मिळालंय, आणि फुकट मिळालंय म्हणूनच दुसऱ्याचा हिशोब करताना आपला हात आखडता नको. जक्कय ह्या श्रीमंत जकातदाराचं बघा, येशू आधी त्याच्या घरी उतरायला तयार झाला, अट काही घातली नाही, मग जक्कय उभा राहून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत. क्रम बघा कसा आहे.

दुसरं एक ऐकायला मिळतं, की सेवा म्हणजे मिशनच्या काळात होती, आता आपल्याकडं काय आहे. मिशनरी वायल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, डॉ. वानलेस यांनी १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंच, मिरजेचं मिशन हॉस्पिटल माहीत नाही असं घर आपल्या भागात सापडणार नाही. पण ते हॉस्पिटल चाललं कुणावर? ड्रेसिंग करणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या, रात्री दोनला उठून पाणी पाजणाऱ्या माणसांवर, आणि त्यातली बरीचशी आपलीच आजी-आजोबा होती. त्यांच्याकडं कुठं मोठी संस्था होती, समोरचा पेशंट होता आणि ड्युटी होती. आपल्याला वारसा सांगायचाच असेल तर तो बेडपॅनचा सुद्धा सांगावा.

२०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीनं काढली. पाणी असताना सगळं कोल्हापूर धावलं, तालमीची पोरं, मशिदीतली, मठातली, चर्चमधली, भाकरी एवढ्या आल्या की संपेनात. पण खरं काम पाणी उतरल्यावर होतं. घरात गुडघाभर रबड, त्याचा वास, भिजून दगडासारख्या जड झालेल्या गाद्या, फुगलेली दारं लागत नाहीत, रेशनकार्ड आणि पोरांची सर्टिफिकेटं दोरीवर वाळत घातलेली. तेव्हा जो खोरं-घमेलं घेऊन आला, ओळख ना पाळख, दुपारपर्यंत गाळ काढला आणि चहा पिऊन गेला, तो कुठल्या देवाला मानणारा होता हे त्या घरातल्या म्हातारीनं विचारलं नाही. पण वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या परक्या शोमरोन्याचा, येशूनं सांगितलेला दाखला ज्यांनी लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलाय त्यांना तरी त्या गाळात जायला कुणी बोलवायला लागू नये. तो शोमरोनी पण जखमा बांधून थांबला नाही, उतारशाळेत नेलं, रात्र काढली, दुसऱ्या दिवशी पैसे दिले, आणि वर म्हणाला जास्त खर्च झाला तर परत येताना देतो.

पूर रोज येत नाही, सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी हॉस्पिटल, मात्र रोज आहे. चंदगड, गगनबावडा, राधानगरी, पार सिंधुदुर्गातनं माणसं येतात, बरोबर एक म्हातारा आणि एक पिशवी. केसपेपर कुठं काढायचा, रक्तपेढी कुठल्या बाजूला, योजनेच्या फॉर्मला कुठले कागद लागतात, यातलं नवीन माणसाला काही कळत नाही. मोबाईलची बॅटरी संपलेली असते आणि गावाकडं कळवायचं असतं. ज्याला लिहिता-वाचता येतं आणि सकाळचे दोन तास मोकळे आहेत तो तिथं पुष्कळ काही करू शकतो, फॉर्म भरून द्यायचा, रांगेत उभं राहायचं, आजीला जरा बसा म्हणायचं. एक रुपया लागत नाही.

आणि हे करताना मनात दुसरा हेतू नको, हे मी आमच्या तरुण पोरांना मुद्दाम सांगतो. आजकाल ख्रिस्ती माणूस मदतीला गेला की काही जणांच्या डोळ्यात संशय येतो, त्याचं वाईट वाटतं, पण त्याला उत्तर भांडून देता येत नाही. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत येऊन पाया पडला तो एकच, आणि तोही परका, शोमरोनी. बाकीचे नऊ कुठं आहेत असं येशूनं विचारलं जरूर, पण त्या नऊ जणांचा रोग काही परत आणला नाही. ते आपले बरे होऊन घरी गेले. तेवढी मोकळीक आपल्या मदतीत असली पाहिजे, की समोरच्यानं आभार नाही मानले, नाव नाही विचारलं, उद्या रस्त्यात ओळख नाही दिली तरी त्याचा फॉर्म भरलेलाच राहतो.

आता लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस येतील. आमच्यात बरेच जण त्या काळात मटण सोडतात, आणि कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा सोडायचा म्हणजे थोडंथोडकं नाही. पण यशया ५८ मध्ये देव उपवास करणाऱ्यांना काय म्हणतो ते एकदा घरात मोठ्यानं वाचा, तो म्हणतो की उपवासाच्या दिवशी सुद्धा तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता. तेव्हा माझी विनंती अशी आहे की वाचलेले मटणाचे पैसे बाजूला काढावेत, गेल्या वर्षीचं कॅलेंडर खाली उतरवावं, मावशींचे जेवढे खाडे कापलेत ते मोजून पैसे पाकिटात घालून त्यांच्या हातात द्यावेत, आणि पुढच्या महिन्यापासनं आठवड्याची एक सुट्टी पगारी धरावी. ज्यांचा छोटा कारखाना आहे, वर्कशॉप आहे, दुकान आहे त्यांनी ठेकेदाराला बिल कुठल्या तारखेला मिळणार ते लिहून भिंतीवर लावावं आणि ती तारीख पाळावी.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक
शाहूपुरी, कोल्हापूर