प्रोस्टेटची बातमी आणि आमच्या खालचे नाना

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरची 'प्रोस्टेट कॅन्सर आता सुई न टोचता कळणार' ही बातमी वाचल्यापासून डोकं शांत नाही, म्हणून सकाळी उठून पहिलं हेच टाइप करतेय. आमच्या खाली राहणाऱ्या नानांची (वय ७१) येत्या गुरुवारी बायोप्सी (सुईने प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासणं) ठरलीये. काल संध्याकाळी ते तुमचा पेपर हातात घेऊनच वर आले, म्हणाले वहिनी, मी तारीख कॅन्सल करतोय, आता नुसत्या सोनोग्राफीत सगळं कळतं म्हणे.

नाही हो कळत तसं. तुमच्या बातमीतली इलास्टोग्राफी, म्हणजे कडकपणा मोजणारी सोनोग्राफी, चांगली तपासणी आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा आजूबाजूपेक्षा कडक असते, कडक भागातून मशीनच्या लाटा जास्त वेगाने जातात, मशीन तो वेग मोजून रंगात दाखवतं, एवढं तुम्ही बरोबर लिहिलंय. पण स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या प्रा. गुलाम नबींच्या टीमचा २०१८ चा जो अभ्यास दिलाय, त्यातल्या सुमारे २०० पेशंटना कॅन्सर आहे हे आधीच माहीत होतं, ऑपरेशन करून काढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीशी मशीनची चित्रं ताडून पाहिली होती. ज्याचं अजून निदानच झालं नाही त्याने त्यावरून बायोप्सी सोडायची? ग्रंथीत कॅल्शियम साठलं असेल किंवा वयामुळे साध्या गाठी झाल्या असतील तरी कडक दिसू शकतं, आणि ग्रंथी मोठी असली तर पुढच्या भागापर्यंत लाटा नीट पोचत नाहीत. सुई नेमकी कुठे घालायची ते कळायला मशीनची मदत होते, आणि ते काही छोटं काम नाही, कारण २०१७ च्या ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात नुसत्या सोनोग्राफीवर घेतलेल्या बायोप्सीत निम्म्याहून जास्त धोक्याचे कॅन्सर सुटले होते. पण मदत म्हणजे बायोप्सीला सुट्टी नव्हे.

आमच्या ह्यांचं सांगते. रात्री ४-४ वेळा उठायला लागायचं, एका हॉस्पिटलात सोनोग्राफी केली, 'वयोमानाने प्रोस्टेट वाढलंय' म्हणून ड्युटास्टेराइड चालू केलं. १४ महिने गोळ्या. मध्ये पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ३.६ आला, डॉक्टर म्हणाले ४ च्या आत आहे, काळजी नको. या गोळीने काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे आकडा दुप्पट धरून वाचायचा, हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. आणि त्या १४ महिन्यांत एकाही डॉक्टरने ग्लोव्ह घालून गुदद्वारातून बोटाने तपासलं नाही. हेही लाजायचे, कुणी म्हणत नाही तेच बरं म्हणायचे, आणि मीही गप्प बसले. शेवटी दुसऱ्या गावच्या एका वयस्कर सर्जननी तपासलं, अर्ध्या मिनिटात म्हणाले, डावीकडे कडक लागतंय. मग एमआरआय, बायोप्सी, कॅन्सर. तोवर तो ग्रंथीच्या बाहेर गेला होता. कडकपणा ओळखायची सगळ्यात जुनी तपासणी ती बोटाचीच, आणि तुमच्या अख्ख्या बातमीत तिच्यावर एक ओळ नाही. इलास्टोग्राफीलाही प्रोब (सोनोग्राफीची नळी) गुदद्वारातूनच घालतात, तेही लिहिलं नाहीत, म्हणजे लाजणारा माणूस तिथे जाऊन परत माघारी येणार.

आणि बातमीच्या खालीच 'प्रोस्टेटची गाठ विरघळवणारं चूर्ण' अशी पाव पान जाहिरात! नानांनी तो नंबरही पेनाने गोल करून आणला होता. पैसे मिळतात म्हणून असलं काहीही छापायचं का?

काल ह्यांनी नानांना तासभर बसवून स्वतःची फाइल दाखवली, पहिल्या रिपोर्टपासून. नाना सगळं ऐकून म्हणाले, पेपरात छापून आलं तर मानेन. तेव्हा कृपा करून बुधवारच्या अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा छापा. गुरुवारी सकाळी ८ ला त्यांना हॉस्पिटलात पोचायचंय.

– एक वाचक, कराड