बाई, ‘तोत्तोचान’ दोन्ही भाषांत दिलीत म्हणून

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तुमच्या ओसरीवरच्या कपाटातून तुम्ही आमच्या मुलीला मराठी ‘तोत्तोचान’ दिलीत आणि शेजारच्या तिच्या मैत्रिणीला कन्नड. एक मराठी शाळेत जाते, दुसरी कन्नड. खेळायला दोघी सदा बरोबर, पण पुस्तक हातात घेतलं की आपापल्या घरी. या सुट्टीत त्या एकाच गोष्टीवर तासन्‌तास बोलत कट्ट्यावर बसल्या. म्हणून हे आभार चारचौघांत मानतेय. खानापूर-बेळगाव भागातल्या आईवडिलांनीही हे पुस्तक घरी आणावं, असं मनापासून वाटतं.

तेत्सुको कुरोयानागी यांचं हे मूळ जपानी पुस्तक १९८१ सालचं. मराठीत ते चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी आणलं, नॅशनल बुक ट्रस्टनं छापलं. आहेत लेखिकेच्या लहानपणच्या आठवणी, पण मुलं त्या कादंबरीसारख्याच वाचतात.

पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली तोत्तोचान, म्हणजे लहानपणची लेखिकाच, टोकियोतल्या ‘तोमोए’ शाळेत येते. तिथले वर्ग भरतात रेल्वेच्या जुन्या डब्यांत! जवळच्या लोंढा जंक्शनच्या गाड्या बघत वाढलेल्या आमच्या पोरींना मग दुसरं काही सुचेना. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. जेवणाच्या डब्यात काहीतरी समुद्राकडचं आणि काहीतरी डोंगराकडचं हवं, असा त्यांचा नियम. आमच्याकडे लगेच सुकटीची चटणी समुद्राकडची आणि नाचणीची भाकरी डोंगराकडची ठरली.

मला सगळ्यात भावलं ते पाकिटाचं प्रकरण. तोत्तोचानचं लाडकं पाकीट संडासात पडतं. ती लांब दांड्याचा डवला घेऊन टाकीतला मैला उपसायला लागते, बाहेर ढीग होतो. कोबायाशी तिथून जाताना विचारतात, काय चाललंय? ती सांगते. ते रागवत नाहीत, मदतीलाही धावत नाहीत. झाल्यावर हे सगळं परत आत टाकशील ना, एवढंच विचारतात. पाकीट काही सापडत नाही, पण ती सगळं परत आत टाकते. मुलावर एवढा भरवसा टाकायला मोठं काळीज लागतं. तुमच्या हाताखाली शिकलेले लोक तुमच्याबद्दल हेच सांगतात, बाई.

शेवटी युद्धात, १९४५ साली, बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. काही पालक म्हणतात, एवढं दुःखाचं मुलांना कशाला? माझं मत उलट आहे. ते प्रकरण वगळू नका. जळती शाळा बघत उभे असलेले कोबायाशी आपल्या मुलाला विचारतात, आता पुढची शाळा कशी काढूया? हे मुलांपर्यंत पोचलंच पाहिजे.

तिसरी-चौथीपासून मुलं हे स्वतः वाचू शकतील. त्याहून लहानांना रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा, प्रकरणं छोटीच आहेत.

दोन्ही प्रती कव्हर घालून परत पाठवतेय. पुढेही त्या जोडीनंच द्या, बाई, एक मराठी घरात, एक कन्नड घरात.

आपली कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातली एक आई