अडलेले ढग जातात कुठं?

चि. माईस, अनेक आशीर्वाद.

आज महाडला मुक्काम आहे. गाडी लावली, जेवण झालं, कंडक्टरकाका पडल्या पडल्या घोरायला लागले, पण पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की मला काही डोळा लागेना. म्हटलं तुझं उत्तर राहिलंय ते तरी लिहून काढू. हॉस्टेलवर मोबाईल चालत नाही तर रविवारी मामा येईल त्याच्या फोनवर वाच, आणि लांबलचक आहे म्हणून अर्ध्यात सोडू नको, मामाला सांग तोवर चहा पिऊन ये.

तू विचारलेलंस की पप्पा, सह्याद्री ढग अडवतो म्हणून कोकणात धो धो पाऊस आणि आपल्या माणदेशात टँकर, मग ते अडलेले ढग जातात कुठं, साठून साठून तिथं ढिगारा नाही का व्हायचा? आणि मी काय सांगितलं, तर ढग डोंगराला आपटतात, फुटतात, पाऊस पडतो, विषय संपला. फोन ठेवला आणि मलाच कसंतरी झालं. बारावी सायन्सला हे शिकलेलो आम्ही, आणि आता आठ वर्षं याच घाटातनं गाडी हाकतोय, एकदाही ढग आपटून फुटलेला बघितला नाही. ढग म्हणजे काय मडकं आहे का फुटायला? घाटात ज्याला आपण धुकं म्हणतो तो ढगच असतो, लाईट लावून, हॉर्न वाजवत मी त्याच्यातनं आरपार जातो, आणि गाडीला ओलीशिवाय काही लागत नाही. तेव्हा आधी ते माझं उत्तर खोडून टाक.

आता ढग जरा बाजूला ठेव, हवेचं बघ. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरनं जो नैऋत्येचा वारा येतो ना, तो हजारो किलोमीटर पाण्यावरनं सरपटत आलेला असतो, त्यामुळं त्याच्या पोटात बाष्प ठासून भरलेलं असतं. बाष्प डोळ्याला दिसत नाही, पण इथं महाडला अंगाला कळतं. काल धुतलेली बनियन अजून ओली आहे, पंख्याखाली ठेवूनसुद्धा. हा असा भिजलेला वारा कोकण ओलांडून येतो आणि समोर सह्याद्री उभा. मागनं तर अजून वारा ढकलतोय, परत फिरायला जागा नाही, मग काय करणार, चढणार. आमच्या गाडीसारखंच, पोलादपूर सोडलं की दुसऱ्या गिअरवर आंबेनळी घाट चढायला लागायचं.

हवा वर चढते तेव्हा तिचं काय होतं हे मला एका वेफर्सच्या पाकिटानं दाखवलं. महाडच्या स्टँडवर एका बाईनं पोरासाठी घेतलेलं, माझ्या मागच्याच सीटवर बसलेली. घाट चढता चढता ते पाकीट फुगत गेलं, महाबळेश्वरला पोचेपर्यंत असं टम्म की ते पोरगं घाबरून आईला म्हणतंय, हे फुटणार. आत कुणी हवा भरली? कुणीच नाही. महाड जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच. वर गेलं की डोक्यावरची हवा कमी, म्हणजे तिचा दाब कमी, साधारण पंधरा टक्क्यांनी कमी होतो तिथवर जाईपर्यंत. बाहेरनं दाबणारं कमी झालं की आतली हवा पसरते. तुझे कान घाटात दडे बसल्यासारखे होतात ते पण याच्यामुळंच.

आणि हवा पसरली की गार होते. हे तर आम्हा ड्रायव्हर लोकांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. टायरचा व्हॉल्व दाबून हवा सोडली की बोटाला गार गार लागते, टायर उन्हात तापलेला असला तरी. उलट पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला हात लावून बघ, भाजतो, तिथं हवा दाबून कोंबलेली असते ना. पसरायला हवेला जोर लागतो आणि तो जोर ती आपल्याच उष्णतेतनं काढते, दुसऱ्याकडनं उसनी घेत नाही. एवढी एकच गोष्ट नीट ध्यानात ठेव, बाकी सगळं तिच्यातनंच निघतं. म्हणजे डोंगरावर गार असतं ते काही नुसतं झाडं आहेत म्हणून नाही, चढलेली हवा पसरून पसरून गार झालेली असते. ढगातनं चढणारी हवा हजार मीटरला साधारण सहा अंशांनी उतरते. इथं महाडला 27 अंश असले तर वर महाबळेश्वरला 19 च्या आसपास धर, कंडक्टरकाकांची कानटोपी बॅगेतनं निघते ती कुंभरोशीच्या पुढं कुठंतरी.

गार हवेला बाष्प फार पेलवत नाही. पुस्तकात बाष्पधारण क्षमता म्हणतात ती हीच. जेवढं पेलतंय तेवढं ठेवते, वरचं टाकून देते. पावसाळ्यात गाडी भरलेली असली, सगळ्या काचा लावलेल्या असल्या की माझी पुढची काच आतनं धुरकटते, तिथं हेच चाललेलं असतं, चाळीस माणसांचा श्वास गार काचेला लागला की त्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. आतनं फडक्यानं पुसायची, बाहेरनं तंबाखू चोळायची म्हणजे पाणी काचेवर धरत नाही, हा जुना उपाय. (मी तंबाखू काचेपुरतीच ठेवतो, आईला सांग.) काचेवर जसं पाणी धरतं तसं हवेत ते धुळीच्या, समुद्राच्या मिठाच्या बारीक कणांवर धरतं आणि थेंब होतात, हे सांद्रीभवन. ते थेंब इतके बारीक की असे दहाएक लाख एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक नीट थेंब होतो. तोवर ते नुसते तरंगतात. तो झाला ढग.

म्हणजे बघ, समुद्रावरनं ढग आला आणि डोंगरानं अडवला असं नाही. समुद्रावरनं ढग येतात काही, नाही असं नाही, पण एवढा पाऊस ज्या ढगांचा पडतो त्यातला बराचसा ढग डोंगराच्या अंगावरच तयार होतो, चढणाऱ्या हवेतनं. डोंगर ढग अडवत नाही, हवेला चढायला लावतो. पुस्तकात याला प्रतिरोध पर्जन्य म्हटलंय, आणि त्या 'प्रतिरोध' शब्दामुळंच सगळा घोटाळा होतो असं माझं मत आहे, कुणीतरी दांडकं घेऊन आडवं उभं आहे असं वाटतं. पण परीक्षेत शब्द तोच लिही.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. हा आकडा तू पाठ केला असशील, पण मिलीमीटर म्हणजे काय ते कधी मनात आणलंस का? एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. परवा मी वर थांबलेलो असताना गंमत म्हणून गाडीच्या टपाचा हिशोब केला. गाडी धर अकरा मीटर लांब, अडीच मीटर रुंद, साडेसत्तावीस चौरस मीटर टप. जुलैत तिथं एका दिवसात 200 मिलीमीटर पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. साडेसत्तावीस गुणिले दोनशे, साडेपाच हजार लिटर. नुसत्या माझ्या गाडीच्या टपावरनं, एका दिवसात. आपल्या आळीत ट्रॅक्टरला जोडून पाच हजार लिटरचा टँकर येतो, ज्याच्यासाठी तू आणि आई एप्रिलात घागरी लावून उभ्या असता, तो भरून वर पाचशे लिटर उरले असते. हिशोब झाला आणि मी काही बोललोच नाही बराच वेळ. ते पाणी टपावरनं रस्त्यावर, रस्त्यावरनं गटारात आणि गटारातनं दरीत.

आता तुझा खरा प्रश्न, ढग जातात कुठं.

पाचगणी सोडून पसरणी घाट उतरायला लागलं की एखाद्या दिवशी आरशात मागं बघायला मिळतं. महाबळेश्वरच्या बाजूला डोंगराच्या कडेवर ढगाची पांढरी गादी पसरलेली, वारा तर असा की माझं स्टेअरिंग ओढतंय, ढग सारखा कडेवरनं अलीकडं वाकतोय, सांडतोय असं दिसतं, पण पुढं काही येत नाही. थोडा खाली आला की विरून जातो. कारण आता हवा उतरतेय. उतरली की वरचा दाब वाढतो, हवा दबते, दबली की तापते, कॉम्प्रेसरसारखी. तापली की तिला परत बाष्प पेलायला लागतं आणि ते बारीक थेंब परत वाफ होऊन दिसेनासे होतात. ढग पुढं गेला नाही आणि मागंही साठला नाही. जिरला हवेत. आणि एवढं सगळं होऊन कडेवरचा ढग मात्र तासन् तास जागच्या जागी दिसतो, तो का, तर साताऱ्याच्या स्टँडवरची गर्दी कशी सकाळपासनं रात्रीपर्यंत तेवढीच दिसते पण माणसं दर दहा मिनिटाला वेगळी असतात, तसं. पश्चिमेकडनं नवा ढग होत राहतो, पूर्वेकडनं जिरत राहतो.

त्यात अजून एक आहे. वर चढताना हवेतलं बरंचसं पाणी पाऊस होऊन पडूनच गेलेलं असतं, म्हणजे अलीकडं येणारी हवा एकतर रिकामी झालेली आणि वरनं तापत चाललेली. अशा हवेकडनं पाऊस कसा मागणार? म्हणून महाबळेश्वर ते वाई जेमतेम बत्तीसेक किलोमीटर, गाडीला सव्वा तास, आणि पाऊस साडेपाच हजारावरनं सातशे-आठशेवर. पाचगणी मधोमध आहे पण तिथंच तो निम्म्याहून कमी झालेला असतो. पुढं कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडीला या, पाचशेच्या आतबाहेर. एकाच दिवशी एकाच गाडीत मी सकाळी वायपर फुल स्पीडला चालवलेत आणि दुपारी माण तालुक्यात धुळीसाठी काच वर केलीय.

पहिल्यांदा तू 'पर्जन्यछाया' शब्द वाचलास तेव्हा म्हणालेलीस की डोंगराची सावली आपल्या गावापर्यंत कशी येईल, एवढ्या लांब. मी हसलो होतो, पण प्रश्न बरोबर होता. ही उन्हाची सावली नाही, वाऱ्याची आहे. वारा ज्या अंगाला भिडतो ती वाताभिमुख बाजू, त्याच्या मागची ती वातविन्मुख, आणि त्या मागच्या अंगाला जो कोरडा पट्टा पडतो ती छाया. मेघालयातलं मौसिनराम जगात सगळ्यात जास्त पावसाचं म्हणून तू पाठ केलंयस, ते खासी टेकड्यांच्या दक्षिण अंगाला आहे, आणि त्याच टेकड्यांच्या पलीकडं शिलाँगला त्याच्या मानानं कितीतरी कमी पडतो. म्हणजे आपल्याशीच डोंगराचं काही वैर आहे असं नाही.

कृष्णेचं पण सांगतो थोडक्यात. महाबळेश्वरचा माथा म्हणजे घराचं आढं समज. पश्चिमेच्या पाख्यावर पडलेलं पाणी सावित्री होऊन पोलादपूर, महाडवरनं बाणकोटला समुद्रात जातं, फार लांबचा पल्ला नाही. पूर्वेच्या पाख्यावरचं पाणी कृष्णा होऊन साधारण चौदाशे किलोमीटर चालत कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागराला मिळतं. आलं अरबी समुद्रातनं आणि गेलं कुठं बघ. आणि जाताना वाईवरनं, साताऱ्याजवळनं जातं पण माणात वाकडं होत नाही, म्हणून तर जिहे-कठापूरला मोटारी लावून कृष्णेचं पाणी उचलून इकडं आणायला लागलं. डोंगरानं जे काम फुकटात उलटं केलं ते विजेचं बिल भरून सुलटं करायचं.

मग आपल्याकडं जो काही पडतो तो कुठला, असं तू विचारणारच. मे महिन्यातला वळीव वेगळा, तो जमीन तापून हवा सरळ वर उठते त्याचा, विजा, गारा, वीस मिनिटांत खेळ खलास, तुझ्या पुस्तकातला आरोह पर्जन्य. आणि आपला खरा भरवशाचा म्हणजे सप्टेंबरातला आणि परतीचा. तेव्हा पश्चिमेचा वारा ढिला पडलेला असतो, बंगालच्या उपसागराकडनं पण ओल येते, आणि दुपारी ढग उभेच्या उभे चढतात. तुझी आजी जुलैत आभाळ बघतच नाही, पोळा झाल्यावर बघायला लागते, तिला कुणी भूगोल शिकवला नव्हता. जुलैत माणावरनं ढग पळताना दिसतात खरे, भरून आल्यासारखं वाटतं, वारा तर पवनचक्क्या गरागरा फिरवतो, पण चार शिंतोड्यांच्या पुढं काही जात नाही.

परीक्षेत एवढं सगळं लिहीत बसू नको. बाष्पयुक्त वारे डोंगरामुळं वर चढतात, प्रसरण पावून थंड होतात, सांद्रीभवन होऊन वाताभिमुख बाजूला पाऊस पडतो, पलीकडं हवा खाली उतरताना तापते आणि कोरडी होते. आकृती काढ, वाऱ्याचे बाण चढताना आणि उतरताना दोन्हीकडं दाखव. उतरतानाचा बाण बरीच पोरं काढतच नाहीत, आणि तोच तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सकाळी हॉस्टेलच्या गच्चीवरनं यवतेश्वरकडं बघत जा जरा. डोंगरावर टोपी घातल्यासारखा ढग असेल आणि तुमच्या डोक्यावर ऊन-सावली. तो कुठं विरतोय ते कडेवर नजर ठेवून बघ, पाच मिनिटं तरी.

उद्या सकाळी सहाला सुटतोय, घाटात दरड नसली तर दुपारी साताऱ्याला पोचेन. महाबळेश्वरला पाण्याची बाटली रिकामी करून झाकण घट्ट लावून घेणार आहे. वर ती अगदी गोल असते, साताऱ्याला येईपर्यंत कडेनं चेपते, आपण हात पण लावलेला नसतो. हे पत्र वाचल्यावर येणाऱ्या शनिवारी रेक्टरबाईंना विचारून स्टँडवर ये, तोवर जपून ठेवतो. झाकण तूच उघड, कानाशी धरून. फुस्स होईल, पण सोड्याच्या बाटलीसारखं बाहेर नाही, आत.

तुझे पप्पा